वाचकांचे प्रश्न : ऐंशीच्या वेगाला दम सोडणारी एमजीबी

प्रश्न : महोदय, सप्टेंबरमध्ये मी पुण्यातील एका कुटुंबाकडून १९६९ सालची, उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेली एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) विकत घेतली आणि ट्रकवर चढवून नागपूरला आणली. त्यापूर्वी ती काही वर्षे शेडमध्ये उभीच होती. गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते, आयडलिंग स्थिर आहे आणि धरमपेठ ते सीताबर्डी अशा शहरी फेरीत तिची काहीही तक्रार नसते. मात्र वर्धा रोडने बुटीबोरीच्या दिशेला ७०–८० च्या वेगाने दहा-पंधरा मिनिटे गेलो की इंजिन हिसके देऊ लागते, ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी ओढ घेत नाही आणि शेवटी तिसऱ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाने कडेला यावे लागते. अशा वेळी चोक थोडा ओढला तर ती किंचित सावरते. दहा मिनिटे उभी केली की पुन्हा पूर्वीसारखी धावू लागते. मागील मालकांनी बॅटरी, टायर, कुलपाचे टाकी-झाकण आणि मागचा सायलेन्सर नवा बसवला होता. मी प्लग, पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल बदलली व दोन्ही कार्बोरेटर साफ करून घेतले. प्लगची टोके पांढुरकी दिसतात. एक मिस्त्री म्हणतात की हा नागपूरच्या उष्म्याचा परिणाम आहे, दुसरे रिंग-पिस्टनचे काम सुचवतात, तर तिसऱ्यांच्या मते मूळचे एसयू बनावटीचे कार्बोरेटर काढून वेबर बनावटीचा बसवणे हाच उपाय आहे. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : तूर्त तिघांचेही ऐकू नये. आपल्या पत्रात बदललेल्या भागांची यादी आहेच, पण त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे जोर नेमका केव्हा जातो आणि कशाने परत येतो, हे आपण बारकाईने पाहून लिहिले आहे. अर्धे निदान त्या चार वाक्यांतच आहे.

प्रथम रिंग-पिस्टनचा विचार करू. रिंगा झिजल्या असतील किंवा व्हॉल्व्ह नीट बसत नसतील, तर इंजिन पहिल्या किलोमीटरपासून अशक्त असते. दहा मिनिटे सावलीत उभे राहिल्याने झिजलेली रिंग भरून येत नाही. मनाची खात्री करायचीच असेल तर इंजिन गरम असताना, चारही प्लग काढून आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधील दाब, मोजून घ्यावे. या १७९८ सीसीच्या, ८.८:१ कॉम्प्रेशन रेशोच्या इंजिनात चारही सिलिंडरांचे आकडे १५० ते १७० पीएसआयच्या आसपास आणि एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत असले, तर इंजिन उघडण्याचा विषय तेथेच संपवावा. ही तपासणी अर्ध्या तासाची आहे आणि ती केल्याशिवाय कोणीही इंजिन उतरवायला सांगितले तर गाडी त्या गॅरेजमधून परत आणावी, असे मी स्पष्टपणे सांगेन.

उष्म्याच्या म्हणण्यात थोडे तथ्य आहे, पण ते येथे लागू पडत नाही. हवा तापली की विरळ होते; १५ अंशांच्या हवेच्या तुलनेत ४५ अंशांच्या हवेची घनता सुमारे नऊ टक्क्यांनी कमी असते आणि इंजिनाचा जोरही साधारण तेवढाच उतरतो. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरांवर आहे, त्याचेही तीनएक टक्के धरावेत. परंतु हा तोटा सतत जाणवणारा असतो, दहा मिनिटांनी अवतरणारा नसतो. शिवाय या गाडीच्या बी-सीरिज इंजिनात कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच, म्हणजे डाव्या बाजूला असल्यामुळे पेट्रोलची वाफ होण्याचा त्रास मुख्यतः गाडी तापवून थांबवल्यावर होतो. धावत्या गाडीत बॉनेटखालून वारा वाहत असतो आणि ताजे पेट्रोल सतत येत असते. आपली गाडी नेमकी उलट वागते. धावताना दम सोडते आणि थांबल्यावर सुधारते.

राहिली ठिणगी. तापल्यावर दगा देणारी कॉइल किंवा कंडेन्सर हे खरे संशयित असतात आणि त्यांचा त्रासही मुरल्यावरच सुरू होतो. परंतु ठिणगी कमी पडत असेल तर चोक ओढल्याने काही लाभ होत नाही, उलट गाडी अधिक गुदमरते. चोक ओढला की एसयू कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक नळी, खाली सरकतो आणि मिश्रणात पेट्रोल वाढते. म्हणजे आपल्या इंजिनाला त्या क्षणी पेट्रोल कमी पडत होते. प्लगची पांढुरकी टोके हीच साक्ष देतात. आणखी एक खूण आपण सहज पाहू शकता: १९६९ च्या एमजीबीतील आरपीएम मीटर इग्निशनच्या विद्युतप्रवाहावर चालतो. हिसके बसत असताना त्याचा काटा एकदम शून्याकडे उडी मारत असेल, तर कॉइलच्या तारा, पॉइंट किंवा इग्निशन स्वीच यांत दोष शोधावा. काटा इंजिनाबरोबर सावकाश उतरत असेल, तर त्या बाजूची वीज शाबूत आहे असे समजण्यास हरकत नाही.

आता पेट्रोल कोठे अडते ते पाहू, आणि येथे थोडे गणित उपयोगी पडते. उत्पादकाच्या आकड्यांनुसार हे इंजिन मिनिटाला ५,४०० फेऱ्यांना ९५ अश्वशक्ती देते. पूर्ण जोरावर ते तासाला अंदाजे २८ लिटर, म्हणजे मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आतबाहेर पेट्रोल जाळेल. चौथ्या गिअरमध्ये स्थिर ८० च्या वेगाला, जेव्हा फेऱ्या सुमारे २,८०० असतात, तेव्हा त्याला मिनिटाला १०० ते १२० मिलिलिटर पुरतात. उलट पक्षी, सुस्थितीतील एसयू इलेक्ट्रिक पंप मिनिटाला एक लिटरच्या आसपास पेट्रोल पुढे ढकलतो. इतकी मोठी शिल्लक असूनही ज्याअर्थी ८० च्या वेगाला इंजिन उपाशी राहते, त्याअर्थी पुरवठा थोडाथोडका कमी झालेला नसून तो दहापैकी आठ-नऊ हिश्श्यांनी आटलेला आहे. शहरात सिग्नलला थांबत जाताना मागणीच कमी असते, म्हणून तेथे हा दोष झाकला जातो. महामार्गावर फ्लोट चेंबरमधील, म्हणजे कार्बोरेटरच्या छोट्या टाकीतील, साठा येणाऱ्या पेट्रोलपेक्षा वेगाने संपू लागला की तो उघडा पडतो.

माझा पहिला संशय आपण ओझरत्या उल्लेखलेल्या वस्तूवर आहे: कुलपाचे टाकी-झाकण. टाकीतून जेवढे पेट्रोल जाते तेवढी हवा आत यावी लागते. गोडेतेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल गचके खात पडते आणि दुसरे भोक पाडताच धार लागते, तोच हा नियम आहे. इंग्लंडच्या बाजारासाठी बनलेल्या त्या काळच्या एमजीबीत हवेची वाट झाकणातच ठेवलेली असे. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेसाठी बनलेल्या गाड्यांत टाकीची वाफ कोळशाच्या डब्यातून नेण्याची व्यवस्था आली, म्हणून त्यांना पूर्ण बंद झाकण दिले गेले. बाहेरून दोन्ही झाकणे सारखीच दिसतात आणि मापालाही बसतात. बाजारात मिळणारी कुलपाची झाकणेही कधी हवेशीर तर कधी बंद असतात. बंद झाकण चुकीच्या गाडीला लागले की टाकीत हळूहळू निर्वात तयार होतो, पंपाला ओढणे जड जाते आणि दहा-पंधरा मिनिटांत गाडी दम सोडते. उभी केल्यावर कोठून तरी बारीक फटीतून हवा आत झिरपते आणि गाडी बरी होते. आपल्या तक्रारीशी हे तंतोतंत जुळते.

याची परीक्षा रस्त्यावर करायची तर एक दक्षता घ्यावी लागते. दोष दिसताच गाडी सुरक्षित जागी कडेला घेऊन, इंजिन बंद करून, लगेच झाकण उघडावे आणि फुस्स असा हवा आत ओढली गेल्याचा आवाज येतो का ते ऐकावे; त्यानंतर क्षणही न दवडता झाकण लावून निघावे. आपण दहा मिनिटे थांबलात तर गाडी तशीही सुधारणार आहे, मग सुधारणा झाकणामुळे झाली की विश्रांतीमुळे, हे कळणार नाही. ही चाचणी समृद्धी महामार्गावर कदापि घेऊ नये. १२० च्या वेगाने वाहने येत असलेल्या रस्त्यावर अडखळत्या गाडीने कडेला थांबणे जिवावर बेतू शकते. वर्धा रोडचा सेवारस्ता किंवा सकाळच्या वेळचा काटोल रोड बरा.

त्याहून चांगली परीक्षा घरच्या अंगणात होते आणि मी आपल्याला तीच आधी करायला सांगेन. गाडी मोकळ्या हवेत उभी करावी, आसपास विडी-काडी, देव्हाऱ्यातील दिवा किंवा पाण्याचा हीटर नसावा आणि अग्निशामक सिलिंडर हाताशी असावा. इंजिन थंड असताना कॉइलची तार सोडवून ठेवावी, अन्यथा पॉइंट मिटलेले असल्यास कॉइल विनाकारण तापते. पेट्रोलची नळी कार्बोरेटरपाशी सोडवून ती मापाच्या, पेट्रोलला चालणाऱ्या डब्यात सोडावी आणि नुसती चावी फिरवावी. पहिल्या अर्ध्या मिनिटात अर्धा लिटर आले म्हणून समाधान मानू नये. आपला दोष उशिरा येणारा आहे. झाकण घट्ट लावून, डबे बदलत, तीन-चार मिनिटे पंप चालू द्यावा आणि दर मिनिटाचे माप लिहून ठेवावे. धार बारीक होत गेली की मदतनिसाला झाकण उघडायला सांगावे. धार त्याच क्षणी वाढली तर शोध संपला. टाकी निम्म्याहून अधिक रिकामी असेल तर आत हवा जास्त असल्याने निर्वात उशिरा तयार होतो, म्हणून टाकी बऱ्यापैकी भरलेली असताना ही चाचणी घ्यावी.

झाकण उघडूनही धार क्षीणच राहिली तर दोष पुढे आहे. काही वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत गंज, जुन्या पेट्रोलचा चिकट थर आणि पाणी असते. गाडी स्थिर वेगात असताना हा गाळ हळूहळू पेट्रोल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी जमतो आणि थांबल्यावर खाली बसतो. म्हणजे लक्षणे झाकणाच्या दोषासारखीच दिसतात. पंपाच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी उघडून पाहावी, तिच्यावर तपकिरी चिखल आढळला तर टाकी उतरवून आतून साफ करून घेण्यास पर्याय नाही. नुसता एक बाहेरचा फिल्टर वाढवल्याने तो फिल्टरच दर आठवड्याला तुंबेल. पंपाचा टिकटिक आवाजही ऐकावा: तो भराभर आणि सैलपणे टिकटिकत असेल तर ओढीच्या बाजूने कोठेतरी हवा शिरते आहे, संथ, जड चालत असेल आणि हाताला गरम लागत असेल तर त्याच्या मागे काहीतरी अडले आहे, अडखळून मधेच थांबत असेल आणि हलके ठोकल्यावर चालू होत असेल तर त्याचे आतले पॉइंट झिजले आहेत. पंप चालू असताना त्याच्या दोन टोकांमधील व्होल्टेज मोजावे. बॅटरीपेक्षा ते एक व्होल्टहून अधिक कमी भरले तर अर्थिंगचा गंजलेला नट हे नेहमीचे कारण असते.

पुरवठा पूर्ववत झाल्यावरच कार्बोरेटरला हात लावावा, पण तेव्हा मात्र जरूर लावावा. उपाशी इंजिनाला सावरण्यासाठी मधल्या काळात कोणी ना कोणी जेटचे नट फिरवलेले असणार. कार्बोरेटरमधील दोन्ही पिस्टन (इंजिनाचे नव्हेत) वर उचलून सोडल्यावर खट् असा स्वच्छ आवाज करत खाली बसतात का पाहावे, त्यांची चाल मंदावणाऱ्या डॅम्परमध्ये २० ग्रेडचे तेल भरावे, दोन्हींचा हवेचा ओघ समान करावा आणि मग आयडलवर पिस्टनची पिन एक मिलिमीटरहून कमी उचलून पाहावी. फेऱ्या वाढून वाढलेल्याच राहिल्या तर मिश्रण घट्ट आहे, इंजिन लगेच बसू लागले तर पातळ आहे आणि क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाल्या तर ते बरोबर आहे. एका कार्बोरेटरची टोपी आणि पिस्टन दुसऱ्याला बसवू नयेत, ते जोडीने घासून जुळवलेले असतात.

वेबरबद्दल एवढेच, की ज्या इंजिनाला टाकीतून पेट्रोलच पोहोचत नाही त्याला जगातील कोणताही कार्बोरेटर जोर देऊ शकणार नाही. एसयूची जोडी या गाडीच्या स्वभावाचा भाग आहे आणि सुटे भाग आजही नवे बनतात. ती जपावी.

प्रश्न : माझ्याकडे नव्याने घेतलेली १२७५ सीसीची एमजी मिजेट आहे. वरील प्रकारचा कोणताही हिसका नाही, इंजिन गुळगुळीत चालते, पण जोर मुळातच नाही. सेमिनरी हिल्सचा चढ दुसऱ्या गिअरमध्ये चढावा लागतो. पेट्रोल फार लागते आणि एक्झॉस्टचा पाइप रात्री मंद लालसर दिसतो. पंप, टाकी, कार्बोरेटर सर्व तपासून झाले.
— एक वाचक, सदर, नागपूर

उत्तर : आपल्या तक्रारीत वेळेचा संबंध नाही, ती सदासर्वकाळ आहे. त्यामुळे वाटही वेगळी आहे.

सर्वांत सोपी गोष्ट आधी. एका व्यक्तीने आत बसून ॲक्सिलरेटर फरशीपर्यंत दाबावा आणि दुसऱ्याने एअर फिल्टर काढून दोन्ही कार्बोरेटरच्या थ्रॉटल पाकळ्या पूर्ण उघडतात का ते पाहावे. केबल सैल असल्याने किंवा पेडलखाली जाड गालिचा टाकल्याने अर्धीच उघडणारी पाकळी अनेकांच्या नजरेतून सुटते.

दुसरी गोष्ट ब्रेकची, आणि ती मी आग्रहाने सांगतो, कारण जोराची तक्रार घेऊन येणारा मालक ब्रेककडे कधीच पाहत नाही. वर्षानुवर्षे उभ्या गाडीच्या ब्रेकच्या रबरी नळ्या आतून फुगतात. पेडल दाबले की ऑइल पुढे जाते, पण सोडल्यावर मागे येत नाही. गाडी पाच-सहा किलोमीटर चालवून, शक्यतो ब्रेक न लावता सपाट जागी थांबवावी आणि चारही चाकांच्या जवळ हात नेऊन उष्णता जाणवते का ते पाहावे. थेट स्पर्श करू नये, डिस्क भाजू शकते. एखादे चाक इतरांहून फार तापलेले असेल तर जॅकवर उचलून ते हाताने फिरवावे. अडकत असेल तर तेथील ब्लीडिंग निपल सैल करावा. चाक लगेच मोकळे झाले तर नळी किंवा मास्टर सिलिंडर दोषी आहे, तरीही अडकून राहिले तर कॅलिपर किंवा ड्रममधील सिलिंडर गंजला आहे. ही दुरुस्ती केवळ जोरासाठीच नव्हे तर जिवासाठीही तातडीची आहे.

मात्र लालसर पाइप आणि वाढलेला पेट्रोलचा खर्च यांवरून माझा कल टायमिंगकडे, म्हणजे ठिणगी पडण्याच्या वेळेकडे, झुकतो. ठिणगी उशिरा पडली की मिश्रण सिलिंडरमध्ये काम करण्याऐवजी एक्झॉस्टमध्ये जळत जाते, त्यातून जोर घटतो आणि पाइप तापतो. आपल्या मिस्त्रींनी आयडलवर टायमिंग बरोबर लावलेले असेलही, परंतु फेऱ्या वाढतात तसतशी ठिणगी आपोआप अलीकडे सरकली पाहिजे आणि ते काम डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे चारही प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाच्या, तळाशी असलेली दोन वजने करतात. उभ्या गाडीत ही वजने जुन्या ग्रीसने जागीच चिकटतात. टायमिंग लाइट लावून, व्हॅक्यूमची नळी काढून बंद करून, इंजिन आयडलवरून हळूहळू ३,००० फेऱ्यांपर्यंत न्यावे. पुलीवरची खूण स्पष्टपणे सरकत गेली पाहिजे. ती जागची हलली नाही तर डिस्ट्रिब्युटर उतरवून, वजने साफ करून तेलाचा एकेक थेंब द्यावा. नवा डिस्ट्रिब्युटर विकत घेण्याची घाई करू नये. व्हॅक्यूमची डबी तपासण्यासाठी नळी तोंडाने ओढून जीभ लावावी, ओढ टिकून राहिली तर आतला पडदा शाबूत आहे.

पुलीच्या दोन भागांमध्ये रबराचा थर असेल तर आणखी एक सापळा आहे. पन्नास वर्षांच्या रबराची पकड सुटली की बाहेरची कडी सरकते आणि तिच्यावरची खूण खोटे बोलू लागते. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून, पिस्टन खरोखर सर्वांत वर आला आहे हे पेन्सिलसारख्या मऊ वस्तूने अजमावून, खूण त्याच्याशी जुळते का ते एकदा पाहून घ्यावे.

यानंतर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे भाग. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल आले. त्यापूर्वीच्या पेट्रोलातील शिसे एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीला एक प्रकारचे संरक्षण देत असे. या गाड्यांच्या बिडाच्या हेडमध्ये कठीण बैठका बसवलेल्या नसतील, तर लांब आणि वेगवान प्रवासात बैठका झिजतात, व्हॉल्व्ह वर सरकत जातो आणि टॅपेटची फट मिटते. फट संपली की गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. टॅपेट सैल असले की ते वाजून आपली चूक सांगतात, घट्ट झालेले मात्र आवाज न करता व्हॉल्व्ह जाळतात. सुमारे दर पाच हजार किलोमीटरला फट मोजावी, आणि ती दर वेळी कमीच होताना दिसली तर हेड उतरवून कठीण बैठका बसवून घ्याव्यात.

एवढे करून कॉम्प्रेशनही चांगले भरले, तर सायलेन्सरकडे वळावे. शेडमध्ये उभ्या गाडीच्या पाइपात उंदीर चिंध्या नेऊन ठेवतात, आणि जुन्या सायलेन्सरचा आतला पत्रा सुटून वाट अडवतो. मॅनिफोल्डपाशी पाइप सैल करून थोडी रेस दिल्यावर इंजिन मोकळे झाल्यासारखे वाटले, तर दोष तेथेच आहे.

प्रश्न : हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुन्या स्पोर्ट्स कारचा जोर जातो का? मेमध्ये माझी गाडी फुटाळ्याला पाच मिनिटे थांबवली की पुन्हा सुरू व्हायला फार त्रास देते आणि पहिला अर्धा किलोमीटर गुदमरत चालते.
— एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : येथे दोन वेगळे प्रश्न आहेत. इथेनॉलमध्ये प्राणवायू मुळातच असतो, त्यामुळे त्याला जळण्यासाठी हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला सुमारे १३.५ भाग पुरते. जुना कार्बोरेटर हे ओळखू शकत नाही, तो पूर्वीच्याच मापाने पेट्रोल देतो आणि मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ होते. परिणामी थोडा जोर जातो, पिकअप देताना गाडी अडखळते, इंजिन अधिक तापते. एसयू कार्बोरेटरमध्ये जेटचा नट थोडा खाली उतरवल्याने आयडल आणि मधला भाग सुधारतो. वरच्या वेगालाही पांढुरकेपणा राहिला तर एक पायरी जाड मिश्रण देणारी सुई घ्यावी लागते.

आपल्या गाडीचा मेमधला त्रास मात्र वाफेचा आहे. इंजिन बंद केले की पंखा आणि वारा दोन्ही थांबतात, एक्झॉस्टची उष्णता वर चढून फ्लोट चेंबरमधील पेट्रोल उकळू लागते आणि इथेनॉलमुळे ते आणखी सहज उकळते. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांमधला उष्णतारोधक पत्रा जागेवर आहे का पाहावा, कारण दुरुस्तीत तो हमखास काढून ठेवला जातो आणि परत बसत नाही. पेट्रोलची नळी इंजिनाला टेकलेली असेल तर ती दूर बांधावी. थांबल्यावर बॉनेटची पहिली खिटी सोडून ते थोडे उचललेले राहू द्यावे. पुन्हा सुरू करताना चोक ओढू नये, ॲक्सिलरेटर निम्मा दाबून धरावा.

आणि नळ्या न चुकता बदलाव्यात. जुने रबर इथेनॉलने आतून मऊ होऊन सोलपटते, त्याचे तुकडे फ्लोटच्या सुईत अडकतात आणि बाहेरून नळी मात्र ठणठणीत दिसते. आर९ प्रतीची, छापील खूण असलेली नळीच घ्यावी. गाडी पावसाळाभर उभी राहणार असेल तर टाकीत हे पेट्रोल ठेवू नये; ते हवेतील ओलावा शोषते, पुढे पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळे होतात आणि तोच तळाचा थर पंप सर्वांत आधी ओढतो.

प्रश्न : माझ्या १९६५ च्या एमजीबीत नवा कंडेन्सर टाकल्यावर गाडी अर्ध्या तासाने मरगळते. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक संच बसवू का?
— एक वाचक, जरीपटका, नागपूर

उत्तर : प्रथम आपला काढून ठेवलेला जुना कंडेन्सर परत बसवून त्याच रस्त्यावर, तेवढाच वेळ गाडी चालवून पाहावी. हल्ली मिळणाऱ्या कंडेन्सरांत तापल्यावर निकामी होणारे बरेच निघतात, त्यामुळे नवा म्हणजे चांगला असे गृहीत धरता येत नाही. जुन्यावर गाडी नीट चालली तर पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवून तीच व्यवस्था चालू ठेवण्यात काहीच गैर नाही.

इलेक्ट्रॉनिक संच घ्यायचाच असेल, तर १९६७ च्या उत्तरार्धापर्यंतच्या एमजीबीला बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते, हे दुकानदाराला आवर्जून सांगावे. ऋण अर्थिंगसाठीचा संच अशा गाडीला जोडला तर चावी फिरवताच तो जळतो. काही गाड्यांत मधल्या मालकांनी अर्थिंग उलटे करून घेतलेले असते, म्हणून साल पाहून ठरवू नये. बॅटरीचे कोणते टोक बॉडीला गेले आहे ते सीटमागचे झाकण उघडून प्रत्यक्ष पाहावे आणि मगच संचाची मागणी नोंदवावी.